ओढ्यातला मळ्या कसा पाहावा

सह्याद्रीतल्या खडकाळ ओढ्यात मळ्या असतोच, पण गोट्यांच्या रंगात असा मिसळतो की समोर असून दिसत नाही. बोटभर मासा. १८३९ साली ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक साईक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा शास्त्रीय नावातही इथलंच नाव ठेवलं: गारा मुल्या. माणसाच्या नावापेक्षा हे मला फार बरं वाटतं.

पावसाळ्यात जाऊ नका. पाणी गढूळ असतं आणि लोंढा कधी येईल सांगता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळतं. सकाळी उन्हं पाण्यात शिरल्यावर जा. पायात पकड असलेली चप्पल हवी, शेवाळ फार निसरडं.

डोह सोडा, खळाळ शोधा. मासे धारेकडे तोंड करून असतात, म्हणून खालच्या अंगाने, सावली पाण्यावर पडू न देता जवळ जा. मग दहा मिनिटं नुसतं बसा. पहिल्या चाहुलीला पळालेले मासे तेवढ्या वेळात परततात.

आधी मासा नव्हे, दगड पाहा. शेवाळाच्या थरावर खरवडल्यासारखे स्वच्छ पट्टे दिसले तर तिथे कुणीतरी चरून गेलंय. मळ्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि खालच्या ओठामागे गोल चकती असते. तिच्या आधाराने तो धारेतही दगडाला धरून राहतो. पाय बुडवलेत तर कदाचित टोचेही मारेल. पायांना लुचणारा पश्चिम आशियातला 'डॉक्टर फिश' याच गारा गटातला, पण वेगळ्या जातीचा आहे.

पाण्यावर चकाकी येत असेल तर प्लास्टिकच्या बरणीचा तळ कापा, तिथे पारदर्शक प्लास्टिक ताणून रबरने घट्ट बांधा. ते टोक पाण्यात बुडवून वरून बघा. तळ लख्ख दिसतो. गोट्यांच्या फटीत मिशीवाला, सापासारखा वळवळणारा मासा दिसला तर तो मळ्या नव्हे, मुरा.

दगड उचलावाच लागला तर एकच, हळू उचला आणि तसाच, त्याच कुशीवर परत ठेवा. खाली कीटकांच्या अळ्या असतात. उलटा ठेवला की त्या उघड्या पडतात. बंधारे घालणं, दगडांचे मनोरे रचणं, साबण लावून अंघोळ करणं, यातलं काहीही ओढ्यात नको.

निघताना जागा, तारीख आणि पाणी किती खोल होतं ते वहीत टिपा. मार्चमध्ये धार आटते, तेव्हा त्याच जागी पुन्हा या आणि मासे कुठल्या डोहात सरकलेत ते शोधा.