लॅटिन वाचायला बसलात आणि ओडिसियस सापडत नाही?

व्याकरणाचं पुस्तक संपवून पहिल्यांदा रोमन कवी व्हर्जिलचं ‘एनीड’ हे महाकाव्य उघडलं तेव्हा वाटलं होतं, शब्द अडतील पण नावं अडणार नाहीत. ट्रॉयची गोष्ट तर लहानपणापासून माहीत. झालं उलटंच. शब्दांना शब्दकोश होता, नावांपाशी मात्र मी तासन्‌तास बसले.

पहिल्या सर्गातली ९९वी ओळ घ्या : ‘सायवुस उबि आयाकिदाय तेलो याकेत हेक्तोर’. शेवटी ‘-आय’ दिसलं आणि मी प्रथमेचं अनेकवचन समजून वहीत लिहून टाकलं, ‘जिथे आयाकिदे पडले आहेत’. मग उरलेल्या हेक्टरचं काय करायचं ते कळेना. क्रियापद ‘याकेत’ तर एकवचनी! म्हणजे पडलाय तो एकटा उग्र हेक्टर, आणि ‘आयाकिदाय’ ही षष्ठी : आयाकिदेसच्या भाल्याने. हा आयाकिदेस कोण? आयाकुसचा नातू, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर, आपला अकिलीस.

रघूच्या कुळातला तो राघव, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पार्थ, राधेय, सौभद्र वाचत वाढलेल्या माणसाला ही पद्धत इतरांपेक्षा लवकर पचते. फक्त सावध राहा. त्याच काव्यात तिसऱ्या सर्गात आयाकिदेस म्हणजे अकिलीसचा मुलगा पिऱ्हुस, आणि सहाव्यात बहुतेक टीकाकार त्या नावाने मॅसिडोनियाचा राजा पर्सियस घेतात, इ.स.पू. १६८ मध्ये पिडनाला रोमनांकडून हरलेला. तेव्हा आजूबाजूच्या दहा ओळी वाचल्याशिवाय पानाच्या समासात नाव लिहू नका.

कवी सरळ नाव का घेत नाहीत? कधी कधी घेताच येत नाही म्हणून. ‘हेर्कुलेस’ म्हणजे गुरू-लघू-गुरू, आपला र गण. ‘एनीड’च्या वृत्तात, हेक्झामीटरमध्ये, दोन गुरूंच्या मधे एकटा लघू चालतच नाही. म्हणून कर्ता हर्क्युलिस असला की व्हर्जिल ‘आल्किदेस’ (आल्केउसचा नातू) लिहितो, तीन गुरू, म गण. षष्ठीतलं ‘हेर्कुलिस’ मात्र भ गण होतं, ते बसतं. ‘यमाताराजभानसलगं’ इथे कामी येईल असं शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी ते जास्त मन लावून पाठ केलं असतं.

आता ओडिसियस, होमरच्या ‘ओडिसी’चा नायक. लॅटिन शब्दकोशात ‘ओ’खाली शोधत बसू नका, तो ‘उ’खाली आहे : उलिक्सेस. हा ‘ल’ रोमनांनी मनचा घातलेला नाही. ग्रीक मडक्यांवरही ओलित्तेउस, ओलिसेउस अशी नावं रंगवलेली सापडली आहेत. काही नावं एट्रुस्कनांच्या, म्हणजे इटलीतल्या रोमनांच्या जुन्या शेजाऱ्यांच्या, तोंडून आली : कास्टोरचा जुळा भाऊ पोलिदेउकेस, त्याचा तिकडे पुल्तुके झाला आणि लॅटिनमध्ये पोल्लुक्स, हेराक्लेसचा हेर्क्ले आणि मग हेर्कुलेस. पण म्हणून सगळं एट्रुस्कनांच्या खात्यावर टाकू नका. त्यांच्या आरशांवरच्या कोरीव चित्रांत ओडिसियस ‘उथुझे’ आहे, त्यात ‘ल’चा पत्ता नाही.

विभक्त्यांसाठी माझा सल्ला एकच : नावांची वेगळी वही करा आणि रूप जसं भेटेल तसं ओळ क्रमांकासकट टिपा. आखिल्लेसची (म्हणजे अकिलीसची) षष्ठी ‘आखिल्लिस’ होणार असं धरून बसाल आणि व्हर्जिल ‘आखिल्ली’ लिहील. दुसऱ्या सर्गाच्या सातव्या ओळीतलं ‘उलिक्सी’ही तसंच. मला ती चतुर्थी वाटली होती आणि सैनिक उलिक्सेस‘ला’ काय देतोय ते मी शोधत होते. प्रत्यक्षात तो उलिक्सेस‘चा’ सैनिक. द्वितीयेत ‘आयनेआन’ (‘एनीड’चा नायक आयनेआस), ‘हेक्तोरा’ अशी ग्रीक रूपं भेटली तर छपाईची चूक समजू नका. माझ्या वहीत अकिलीसचं पान सगळ्यात आधी भरलं.

कंटाळा आला की प्लौटुसची विनोदी नाटकं काढा. तिथे हे वीर शपथा होऊन बसलेत. पुरुष ‘हेर्क्ले’ म्हणतात, बायका कास्टोरचं ‘एकास्टोर’, आणि पोल्लुक्सचं ‘एदेपोल’ दोघांनाही चालतं. रोमन लेखक औलुस गेल्लिउसने हा नियम नोंदवून ठेवला आहे. पात्राचं नाव हाताने झाकून ‘एकास्टोर’वरून बोलणारी बाई ओळखायचा खेळ मी अजूनही खेळते.