काकांसारखी एसटी करायचीय? मग या चुका टाळा

गाड्यांची छोटी मॉडेलं करणाऱ्या आमच्या टोळक्यातले काका गेले आणि त्यानंतर जो तो त्यांच्या आठवणीसाठी एक गाडी करायला बसला. कुणी लाल एसटी घेतली, कुणी पीएमटी म्हणजे पुण्याची जुनी सिटी बस, कुणी टेम्पोची सिक्स सीटर रिक्षा. काका किट, म्हणजे तयार सुट्या भागांचा संच, जोडत नसत, मुळापासून गाडी करत. आपल्याकडच्या बसचं किट मिळणार कुठे? लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा, संपलेल्या रिफिली यांतून त्यांची बस उभी राहायची. आता त्यांच्यासारखं करायला निघालेल्यांच्या टेबलावर त्याच त्या भानगडी दिसताहेत. त्यातल्या बऱ्याचशा टाळता येतात, काही निस्तरताही येतात.

मॉडेलवरून मॉडेल करणं

सगळ्यात मोठी चूक ही. काकांची बस समोर ठेवायची, कॅलिपर (बारीक मापं घ्यायचा चिमटा) लावायचा आणि मापं उतरवून घ्यायची. काकांना त्या बससाठी मनासारखी चाकं मिळाली नव्हती. जुन्या बाजारातल्या कुठल्याशा खेळण्याची, जरा लहानच चाकं त्यांनी बसवली. चाक लहान म्हणजे वरची कमान रिकामी दिसणार, म्हणून कमान खाली आणली आणि तिच्याबरोबर बॉडीही खाली घेतली. ही त्यांची हुशारी होती, पण ते माप नव्हतं, तडजोड होती. तुम्ही ती जशीच्या तशी उचललीत की त्यांची तडजोड अधिक तुमची चूक, असं मिळून बस मांडी घालून बसल्यासारखी दिसते.

पद्धत काकांची घ्या, मापं गाडीची घ्या. एसटी काही दुर्मीळ नाही, पुण्यात स्वारगेटला उभीच आहे. फोटो काढण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारा, उगाच वाद नको. बसच्या नाकाशी जाऊन मोबाइल धरू नका; जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. लांब जा, झूम करा आणि मोबाइल बसच्या निम्म्या उंचीवर धरा.

टेप लावून मोजायला मिळालं तर उत्तमच. नाही तर नंबरप्लेटलाच पट्टी समजा. बस-ट्रकच्या प्लेटचं माप नियमाने ३४० बाय २०० मिलिमीटर असतं, रिक्षाच्या प्लेटचं २०० बाय १००. समोरून काढलेला फोटो छापा. त्यात ३४० ची प्लेट १७ मिलिमीटर भरली तर फोटो १:२० चा, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचा झाला. मग फोटोत १२५ मिलिमीटर भरलेली बस खरी अडीच मीटर रुंद आहे. एकच पथ्य: प्लेट ज्या पातळीत आहे त्याच पातळीतलं माप घ्यायचं. मागे सरकलेल्या काचेचं किंवा टपाचं माप या हिशोबाने काढलंत तर ते कमीच येणार. बाजूच्या फोटोसाठी चाक वापरा. १०.००-२० चा टायर साधारण एक मीटर पाच सेंटिमीटर उंचीचा असतो. नव्या बसना वेगळे टायर असतात, म्हणून टायरवर छापलेला आकडाही टिपून घ्या.

स्केल एकच धरा

११ मीटरची बस १:२४ ला ४५८ मिलिमीटर होते, १:४३ ला २५६ आणि १:८७ ला १२६. हे गणित सगळ्यांना येतं. घोळ होतो तो उसन्या भागांनी. खेळण्यातल्या छोट्या मोटारी बऱ्याचदा पाकिटात मावतील अशा बेताने केलेल्या असतात, त्यामुळे एकाच कंपनीची जीप आणि ट्रक शेजारी ठेवले तर जीप मोठी निघू शकते. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. चाक मोजा आणि स्केलने गुणा. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय बघून आलं की घरी रेल्वेचा लेआउट करायची उबळ येतेच. मग एचओ या मापाच्या छोट्या रुळांशेजारी १:४३ ची रिक्षा उभी राहते आणि प्रवाशांपेक्षा ड्रायव्हर दुप्पट दिसतो. एचओ म्हणजे १:८७. रेल्वेसोबत ठेवायची गाडी त्याच मापात करा.

सनबोर्डच्या खिडक्या

सनबोर्ड म्हणजे फोमचा हलका बोर्ड; स्वस्त, कापायला सोपा, अप्पा बळवंत चौकात हवा तितका मिळतो. म्हणून सगळी बसच त्यातून कापली जाते. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड १:४३ ला खऱ्या गाडीतला जवळजवळ १३ सेंटिमीटरचा पत्रा झाला! बाहेरून रंग कितीही देखणा दिला तरी खिडकीतून आत पाहिलं की ती जाडी उघडी पडते. सनबोर्ड फार तर फ्लोअरला आणि आतल्या आधाराच्या आडव्या भिंतींना वापरा. बाजूचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन (प्लॅस्टिक) शीटचा करा, नाही तर काकांसारखा पत्रिकेच्या पुठ्ठ्याचा.

पुठ्ठा घेतलात तर त्याची खोड ओळखा. एका बाजूला फेव्हिकॉल लागला की ती बाजू फुगते आणि सुकताना पुठ्ठा वाकतो. काका दोन पुठ्ठे एकमेकांना आडवे धरून चिकटवायचे, म्हणजे एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे. गम पातळ आणि सगळीकडे सारखा लावायचा, वर काच ठेवून तिच्यावर जाड पुस्तकं आणि रात्रभर हात लावायचा नाही. खिडक्या कापायच्या त्या यानंतरच. कापलेल्या कडांना पातळ फेविक्विक पाजलं की त्या कडक होतात, मग बारीक पॉलिश पेपरने घासता येतात. ही पायरी वगळली तर रंग कडेतून आत शोषला जातो आणि खिडकीच्या कडेला केसाळ रेघ दिसते. तशी रेघ आलीच तर तेवढ्याच जागी पुन्हा फेविक्विक, पुन्हा पॉलिश पेपर.

तेच फेविक्विक काचेजवळ मात्र नको. झटपट गमाची वाफ पारदर्शक शीटवर पांढरं धुकं सोडते, आणि पावसाळी दमट हवेत जास्तच. काचा फेव्हिकॉलच्या पातळ रेघेने बसवा. सुकल्यावर ती दिसत नाही. धुकं धरलंच असेल तर टूथपेस्टने हलक्या हाताने घासून बघा, पुष्कळदा निघतं. न निघाल्यास काच बदला; २५ खिडक्यांत एक धुरकट काच लगेच नजरेत भरते.

पावसाळ्यातला लाल

जून ते सप्टेंबर स्प्रे कॅन हातात घेताना आधी बाहेर बघा. दमट हवेत लॅकर (झटपट सुकणारा रंग) मारला की वर दुधाळ पापुद्रा येतो. घाबरून तो लगेच घासायला जाऊ नका. कोरड्या दिवसाची वाट पाहा आणि वरून पातळ थिनरचा अगदी हलका फवारा द्या. बऱ्याचदा पांढरेपणा जातो. कॅन आधी कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे कोमटच, गॅसवर नाही. अंतर वीतभर, थर पातळ.

लाल रंग करड्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) मळकट दिसतो. खाली पांढरा किंवा फिकट गुलाबी द्या. उलट लालवर पांढरा पट्टा काढायला गेलात तर लाल वर झिरपून गुलाबी होतो, म्हणून फिकट रंग आधी, गडद नंतर. रिक्षेलाही तेच: पिवळा आधी, काळा मागून. इनॅमलवर (सावकाश सुकणाऱ्या ऑइलपेंटवर) लॅकर कधीच नको, खालचा रंग सुरकुततो. लॅकरवर इनॅमल चालतं. सुरकुतलाच तर पूर्ण सुकू द्या, घासून सपाट करा आणि प्रायमरपासून पुन्हा सुरुवात करा. मधूनच डागडुजी करून काही होत नाही.

पट्ट्याची कड फाटण्याचं कारण बहुतेक वेळा मास्किंग टेप असते. हार्डवेअरच्या दुकानातल्या टेपच्या कडेखालून रंग शिरतो. टेपची कड नखाने दाबा आणि तिच्यावरून आधी खालच्याच रंगाचा एक पातळ हात फिरवा. शिरायचं ते त्या रंगाचं शिरेल, मग दुसरा रंग मारा. टेप रंग थोडा ओलसर असतानाच तिरकी ओढून काढा. काका आईस्क्रीमच्या चमच्यांवर रंग मारून, मागे तारीख लिहून ठेवत. ही सवय मात्र सगळ्यांनी तंतोतंत उचलावी.

चुकीच्या काळाची गाडी

यात सगळ्यात जास्त मजा येते, आणि लोक सगळ्यात जास्त घसरतात तेही इथेच. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. तिचं मॉडेल म्हणून लोक लाल बस करतात आणि बाजूला ‘महाराष्ट्र’ लिहितात. तेव्हाच्या बसचा रंग निळा आणि टप चंदेरी होता, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झालं ते १ मे १९६० ला. ‘एमएच १२’ची पाटी १९८९ च्या आधीच्या गाडीला लावू नका; नवा मोटार वाहन कायदा त्या वर्षी १ जुलैला लागू झाला, या धर्तीचे नंबर त्यानंतरचे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली २००७ मध्ये. ‘बजाज टेम्पो’चं ‘फोर्स मोटर्स’ झालं २००५ मध्ये. म्हणजे एका गाडीवर ‘पीएमपीएमएल’ आणि शेजारच्या नव्याकोऱ्या टेम्पोवर ‘बजाज टेम्पो’ असेल तर बघणारा पुणेकर तोंडावर सांगेल.

जुन्या गाडीवरची अक्षरं हाताने रंगवलेली असायची. कॉम्प्युटरचा सपाट फॉन्ट छापून चिकटवला की ती नवी वाटते. खऱ्या अक्षरांचा फोटो घ्या, त्यावरून गिरवा. इंकजेटवर छापलेलं डेकल (पाण्यात सोडवून चिकटवायचं चित्र) पाण्यात टाकण्याआधी क्लिअर लॅकरने बंद करा, नाही तर शाई वाहून जाते.

दिव्यांबद्दल थोडक्यात: ९ व्होल्टच्या बॅटरीवर पांढरा एलईडी थेट जोडलात तर जळेल. ३३० ओहमचा रेझिस्टर लावा, मंद हवा असेल तर १ किलो-ओहमचा. तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात. थंड पांढरा नको, जुन्या बसला पिवळसर घ्या. बॉडीला आतून काळा रंग द्या, नाही तर पुठ्ठ्यातून उजेड झिरपतो.

त्यांच्या गाड्यांना हात लावण्याआधी

काकूंनी दोन-तीन अर्धवट गाड्या आणि भागांचे डबे गटाकडे दिले. डबे रिकामे करण्याआधी फोटो काढा. कुठला भाग कुठल्या गाडीचा, हे डब्यातल्या जागेवरूनच कळतं. त्यांच्या पूर्ण झालेल्या गाडीचा रंग उडाला म्हणून ती खरवडून नव्याने रंगवू नका. मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. मऊ प्लॅस्टिकचे जुने टायर स्टायरीनच्या रिमला चिकटून ती वितळवतात. तसं दिसलं तर टायर काढून मध्ये पातळ फॉइल घाला. अॅसिटोनने काहीही पुसू नका, प्लॅस्टिकच विरघळेल.

अर्धवट गाडी पूर्ण केलीत तर खालच्या बाजूला त्यांचं काम कुठवर होतं ते लिहा: ‘बॉडी आणि सीट्स काकांच्या, रंग, चाकं, काचा माझ्या’ आणि वर्ष. तुम्ही मुळापासून केलेल्या गाडीवर मात्र त्यांची सही नको, त्यांच्या पद्धतीने केली एवढंच लिहा. शाई पर्मनंट मार्करची घ्या आणि त्यावर क्लिअर लॅकर मारण्याआधी कोपऱ्यात तपासून बघा. काही मार्करची शाई लॅकर लागताच पसरते.