तलावातल्या गोगलगायी पाहून पाणी कसं ओळखायचं

भंडारा-गोंदियाकडं गावोगावी मालगुजारी तलाव हायेत, धान त्याच्यावर, गुरं त्याच्यावर, पण पाणी बिघडलं हे आपल्याले मासे उलटे तरंगल्यावरच कळते. गोगलगायी त्याच्या आधीच सांगतात. फक्त किती आहेत तेवढंच मोजू नका, कोणत्या आहेत ते पाहा, कारण खराब पाण्यात कधी कधी गोगलगायी वाढतात पण.

एक उचला अन पालथी करा. तोंडावर झाकण असलेली बेलामिया कल्ल्यानं श्वास घेते, तिला पाण्यातला ऑक्सिजन लागते. बिनझाकणाची लिम्निया अन चपट्या गुंडाळीची इंडोप्लॅनॉर्बिस वर येऊन हवेतून श्वास घेतात, म्हणून सडक्या पाण्यातही टिकतात. मोठी गोल पिला झाकणवालीच, पण तिच्याजवळ कल्लेही अन फुफ्फुसही, म्हणून ती वेगळी मोजा.

मोजायले बांबूच्या काड्यांचा 1 मीटरचा चौकोन बांधा, काठाजवळच्या 5 जागा ठरवा अन दर महिन्याले त्याच जागी टाका, झाकणवाल्या किती बिनझाकणाच्या किती हे वहीत लिहा. गमबूट घालूनच उतरा, काही गोगलगायींतून निघणाऱ्या अळ्यांनी अंगाले खाज सुटते. दिवाळीनंतर सुरू करा. मे महिन्यात पिला चिखलात गाडून घेते, दिसली नाही म्हणजे मेली असं समजू नका.

झाकणवाल्या कमी अन बिनझाकणाच्या जास्त होत चालल्या तं पाण्यात खत नाहीतर शेण-सांडपाणी उतरून राह्यलं असं समजून तपास करा. धानाच्या बांध्यांतला युरिया-डीएपी वाहून येते, पाणी हिरवं होते, ते शेवाळ दिवसा ऑक्सिजन देते पण रात्री ओढून घेते, म्हणून टेस्ट किटनं ऑक्सिजन पाहायचा तर पहाटेच पाहा, दुपारचा आकडा फसवते. शंखाचं टोक झिजून पांढरं पडलं असेल तर पीएच पट्टी बुडवा, पाणी आम्लट असलं किंवा त्यात कॅल्शियम कमी असलं की कवच झिजते.

लिम्निया वाढलेल्या दिसल्या तं गुरांकडं लक्ष द्या, तिच्यातूनच पर्णकृमी, म्हणजे गुरांच्या यकृतात राहणारे पानासारखे चपटे कृमी, येतात. जनावर खंगते, जबड्याखाली सूज येते. शेण तपासून घ्या अन गुरांले काठावर नेण्यापेक्षा हौदात पाणी पाजा. मोरचूद टाकून गोगलगायी मारायले जाऊ नका, त्यानं मासेही मरतात. त्यापेक्षा पाणी येते तो नाला कोणत्या बांध्यांतून, कोणत्या गोठ्यावरून येते ते पायी चालत जाऊन पाहा.