मक्याच्या सोंड्यांवर थीसिस घेताय? आधी ओलावा मोजा

बारा वाण, छत्तीस बरण्या, प्रत्येकीत १०० ग्रॅम मका आणि सोंड्यांच्या १० जोड्या. एम.एस्सी.ला माझा विषय एवढाच होता: साठवणीत कोणत्या वाणाला सोंडे कमी लागतात. दोन महिन्यांनी एका वाणाच्या बरणीत जेमतेम आठ नवे किडे निघाले, बाकीच्यांत साठ-साठ. मी सरांच्या केबिनकडे पळतच गेलो.

तो वाण प्रतिकारक नव्हता. कोरडा होता.

अकरा वाण आमच्याच शेतावरचे, ओलावा १३-१४ टक्के. बारावा बाहेरून आलेला. पाकिटावर १२ टक्के छापलं होतं, तेच मी वहीत उतरवलं. नंतर मीटर लावला तर साडेनऊ. मादी सोंडेनं दाणा पोखरून आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते. अळी, कोष सगळं दाण्याच्या पोटातच. इतक्या कोरड्या दाण्यात अंडी कमी पडतात, अळ्या जगत नाहीत. थोडक्यात, मी वाणाचा गुण नाही, खळ्यावरचं ऊन मोजत होतो.

म्हणून सगळे वाण एकत्र, २७ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत, दोन आठवडे पातळ थरात ठेवा. तापमान-आर्द्रता राखणारं चेंबर नसेल तर डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात, खायच्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. मग प्रत्येक वाणाचा ओलावा स्वतः मोजा. किडे सोडायच्या दिवशी परत मोजा. हो, परत.

त्याआधी दाण्यातली छुपी कीड मारायला उणे २० अंशांवर आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांना घाम फुटतो. सीनियर सांगतील, ‘गोळी टाक, एका रात्रीत काम होतं.’ त्या गोळीतून फॉस्फाईन हा विषारी वायू निघतो. हॉस्टेलच्या खोलीत? जीव जाईल. असल्या सल्ल्यांपेक्षा एकटं चुकलेलं बरं.

नर-मादी ओळखायला सोंड बघा: नराची आखूड, जाड, खरबरीत, मादीची लांब, गुळगुळीत. पहिल्या दिवशी डोळे दुखतात, तिसऱ्या दिवशी हात बसतो.

मोजणीला मात्र घाबरू नका. वाण किडीला किती बळी पडतो ते सांगणाऱ्या डोबींच्या १९७४च्या निर्देशांकात नव्या किड्यांच्या संख्येचा नैसर्गिक लॉग घेऊन वाढीच्या मध्यक दिवसांनी (निम्मे नवे किडे निघेपर्यंतच्या दिवसांनी) भागतात आणि १००नं गुणतात. ३८ दिवस धरले तर ६० किड्यांना १०.८ येतो, ५५ मोजलेत तरी १०.५. पाच किडे निसटले म्हणून रात्र जागवू नका. दुसरी पिढी निघण्याआधी मोजणी थांबवा म्हणजे झालं.

सर ओरडले नाहीत. ‘बरण्या धुवून घे,’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या खेपेला तो वाण सातवा आला.