तोंडी पहिला, लेखी मागे: अशा हुशार मुलासाठी काय करावं

वर्गात उत्तर सगळ्यात आधी देणारं, ग्रहणावर नाहीतर लोकलच्या सिग्नलवर तासभर बोलणारं मूल वहीत मात्र चार ओळींवर अडतं. पालकसभेत ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "डोकं आहे हो, पण आळशीपणा नडतो." डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिस्ग्राफिया (लिहिण्याची) किंवा डिस्कॅल्क्युलिया (आकडेमोडीची), म्हणजेच अध्ययन अक्षमता किंवा एल.डी. असलेलं हुशार मूल हुशारीच्या जोरावर पास होत राहतं, म्हणून अडचण कुणाला दिसत नाही. आणि मार्क बेताचे, म्हणून हुशारीही नाही.

आधी पुरावा जमवा

एखाद्या प्रश्नाचं उत्तर तोंडी सांगू द्या, फोनवर रेकॉर्ड करा. दोन दिवसांनी तेच लिहायला द्या. शाळेशी बोलताना ही तफावत तुमच्या दहा तक्रारींपेक्षा जास्त कामाची. जुन्या वह्या रद्दीत घालू नका. रफार, जोडाक्षरं कुठे चुकतात, फळ्यावरून उतरवताना काय गळतं, ते त्यांत सापडतं. डोळे आणि कान तपासून घ्या.

चाचणी आणि तिचा अहवाल

अध्ययन अक्षमता आहे का, हे मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीतून कळतं. मूल ज्या माध्यमात शिकतं, त्याच भाषेत वाचन-लेखनाची चाचणी व्हायला हवी. हे आधीच विचारा.

अहवाल हातात आला की सगळे एकूण बुद्ध्यांकाकडे बघतात. अशा मुलांच्या बाबतीत तोच आकडा फसवा असतो. समजा शाब्दिक आकलन १३५ आणि काम उरकण्याचा वेग ८२. एकूण आकडा मधेच कुठेतरी येतो आणि मूल 'सर्वसाधारण' ठरतं. प्रत्येक भागाचे गुण वेगळे मागा. वेग आणि कार्यरत स्मृती (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरण्याची क्षमता) बाजूला ठेवून जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे फक्त आकलन आणि विचारशक्तीचा आकडा, काढता येतो का, हेही मानसशास्त्रज्ञांना विचारा.

खासगी अहवालावर दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळेल असं धरून चालू नका. त्यासाठी सरकारमान्य केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात असं एल.डी. क्लिनिक आहे. ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या तुमच्या भागासाठी कोणतं केंद्र चालेल, ते शाळेकडून कळेल. नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा आठवीतच हालचाल करा.

शाळेत काय मागायचं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते, त्यामुळे ही मागणी म्हणजे उपकार नव्हे. जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारा), तोंडी उत्तर मागा. एकाच साच्याची दहा गणितं देण्याऐवजी शेवटची दोन अवघड द्या, असंही सांगा. काही शिक्षकांना हे पटत नाही. तिथे रेकॉर्डिंग ऐकवा.

एक सवलत मात्र विचार करून घ्या: गणिताऐवजी सोपा पर्याय. ज्याचं गणित पक्कं आहे आणि फक्त हात चालत नाही, त्याने तो घेतला तर अकरावी सायन्सची वाट अडू शकते. मिळतंय म्हणून घेऊ नये.

आवड काढून घेऊ नका

"आधी शुद्धलेखन, मग बुद्धिबळ" ही शिक्षा आहे. उपचारात्मक शिकवणी हवीच, पण ती विज्ञानाच्या तासाच्या किंवा खेळाच्या जागी नको. सहावी आणि नववीसाठीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत पहिली फेरी पर्याय निवडण्याची. पुढे प्रयोग, प्रकल्प आणि मुलाखत असते. लांबलचक लिहिणं कमी, म्हणून अशा मुलांना ती मानवते. घरी धडे वाचून दाखवा, निबंध मोबाइलवर बोलून मराठीत टाइप करू द्या. आजी-आजोबांना हे लाड वाटतील. त्यांनाच वाचून दाखवायला बसवा.

लेखनिकाचा सराव

लेखनिक बहुधा खालच्या इयत्तेतला असतो. त्याला वर्गमूळाचं चिन्ह किंवा रासायनिक समीकरण कळेलच असं नाही. कंस कुठे, घात कुठे, आकृतीला नाव कुठे, हे सगळं मुलाला तोंडाने सांगावं लागतं आणि ते आपोआप येत नाही. नववीच्या सहामाहीपासून घरातल्या धाकट्या भावंडाला समोर बसवून, घड्याळ लावून हा सराव करा.