पांढरी माशी: फवारा पानाच्या पाठीवर, तोही दर पाचव्या दिवशी

मिरचीच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीला जरा धक्का लागला की जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पांढऱ्या माश्यांचा लोट उठतो. मग हाताला लागेल ती बाटली घेऊन वरून दोन-चार फवारे मारले जातात. माश्या दिसेनाशा होतात आणि आठवड्याभरात पुन्हा तेवढ्याच उडतात. औषध बहुतेक वेळा ठीकच असतं. चुकतं ते दोन ठिकाणी: फवारा पानाच्या वरच्या बाजूवर बसतो आणि एकदाच मारला जातो.

पांढरी माशी अंडी घालते पानाच्या मागच्या बाजूला. पाच-सात दिवसांत पिल्लू बाहेर पडतं, थोडंफार फिरून जागा शोधतं, पानात सोंड खुपसतं आणि त्यानंतर पंख फुटेपर्यंत तिथून हलत नाही. शेवटची अवस्था कोषासारखी असते. मुंबईच्या २७ ते ३० अंश तापमानात अंड्यापासून माशीपर्यंतचं हे चक्र साधारण अडीच ते तीन आठवड्यांत पूर्ण होतं. घरगुती साबण किंवा तेल अंड्यांवर आणि कोषांवर फारसं चालत नाही, ते मारतं लहान पिल्लांना आणि हाती लागलेल्या माश्यांना. त्यामुळे आज वाचलेली अंडी पुढच्या आठवड्यात उबली की सगळं पुन्हा सुरू. पाच-पाच दिवसांच्या अंतराने पाच फवारण्या केल्या, तर आज अंड्यात असलेली पिढीही लहान पिल्लू असतानाच कधी ना कधी फवाऱ्याखाली सापडते. दोन फवारण्यांनंतर माश्या कमी दिसतात आणि नेमकी तिथेच बहुतेक जण थांबतात. तिथे थांबू नका.

आधी पान उलटून बघा

दहापट भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. ताजी अंडी आणि माश्या शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर असतात, वाढलेली पिल्लं मधल्या आणि खालच्या पानांवर. पिल्लं चपटी, लंबगोल, पिवळट-पारदर्शक दिसतात आणि पानाला इतकी चिकटलेली असतात की पानाचाच भाग वाटावीत.

पेरू, चाफा, पपई, जास्वंद यांच्या पानांमागे मेणासारख्या पांढऱ्या रेषा गोल-गोल फिरवलेल्या दिसल्या, तर ती चक्राकार पांढरी माशी. उपाय तेच, फक्त मेणाचा थर असल्याने आधी पाण्याने धुणं जास्त गरजेचं. जास्वंदीच्या शेंड्यात, देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील आणि हलवल्यावर काहीच उडत नसेल, तर तो पिठ्या ढेकूण ही वेगळीच कीड आहे. मिरचीची पानं आकसली म्हणजे पांढरी माशीच, असंही नाही. पानाच्या कडा वर वळल्या असतील तर आधी फुलकिडे शोधा, खाली वळल्या असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा सूक्ष्म जीव). पांढरी माशी मिरचीत चुरडा-मुरड्याचा, म्हणजे पानं आकसवणाऱ्या रोगाचा, विषाणू पसरवते, पण पानामागे ना माशी ना पिल्लू, तर तिच्यासाठी फवारणी करून काही साधत नाही.

रस शोषताना ही पिल्लं गोड चिकटा सोडतात. खालची पानं, ग्रिलच्या पट्ट्या, लादी चिकट लागते. मग त्यावर काळी काजळी चढते. काजळी ही बुरशी असली तरी बुरशीनाशक मारण्यात अर्थ नाही. चिकटा थांबला की ती वाळते, ओल्या फडक्याने पुसली जाते.

पहिला दिवस: औषधाआधीचं काम

सकाळी लवकर, माश्या अजून सुस्त असताना, खालची पिवळी आणि पिल्लांनी भरलेली पानं काढा. ती लगेच पिशवीत टाकून तोंड घट्ट बांधा. तशीच कंपोस्टच्या डब्यात टाकली तर त्यातले कोष उबून माश्या पुन्हा झाडावर येतात. बांधलेली पिशवी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून मग कचऱ्यात द्या. मात्र एका झटक्यात झाडाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पानं काढू नका.

मग पाणी. पानाखाली तळहात धरा आणि पाण्याची धार खालून वर मारा. गच्चीत नळी असेल तर उत्तमच. खिडकीच्या ग्रिलमधली छोटी कुंडी उचलून न्हाणीघरात न्या आणि जेट स्प्रेने धुवा. माती वाहून जाऊ नये म्हणून कुंडीचं तोंड प्लॅस्टिकने झाका. निम्म्याहून जास्त काम इथेच होतं, असं आमचं मत आहे. तुळस आणि पुदिन्याला कित्येकदा एवढंच पुरतं, दर तीन दिवसांनी दोन आठवडे.

साबण-पाणी आणि कडुनिंबाचं तेल

पहिल्या दोन फवारण्या साबणाच्या. एक लिटर पाण्याला ५ ग्रॅम साधा, खोबरेल तेलाचा अंगाचा साबण किसून कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, गाळा, थंड करा. बाजारात बागेसाठीचा पोटॅशियम साबण मिळाला तर तो अधिक चांगला; प्रमाण लेबलवरचं. भांड्यांचा लिक्विड, कपड्यांची पावडर, शाम्पू यांत खरा साबण नसून डिटर्जंट असतो. त्याने पानावरचा मेणाचा थर निघतो आणि कडा करपतात.

पाणी कोणतं वापरता यावरही बरंच अवलंबून आहे. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात साबण छान विरघळतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात त्याचा पांढरा साका बनतो, फेस येत नाही आणि फवाऱ्याचं नोझल तुंबतं. अशा इमारतीत फवारणीपुरतं पिण्याचं पाणी घ्या.

साबण ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की संपला. म्हणून फवारणी सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करा. नोझल वरच्या दिशेने वळवून पानाची मागची बाजू ओली होऊन थेंब गळेपर्यंत मारा. दहा-बारा इंची कुंडीतल्या भरगच्च झाडाला साधारण पाव लिटर द्रावण लागतं. पन्नास मिलीत उरकत असेल, तर पानामागे काहीच पोचलेलं नाही. कोवळी रोपं तासा-दोन तासांनी साध्या पाण्याने धुवून घ्या.

तिसऱ्या फवारणीपासून कडुनिंबाचं तेल. यातला अ‍ॅझाडिरॅक्टिन पिल्लाची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो, म्हणून परिणाम दिसायला चार-सहा दिवस लागतात. घाबरून मात्रा वाढवू नका. एक लिटर पाण्याला ५ मिली घाण्याचं तेल आणि २ ग्रॅम साबण. क्रम महत्त्वाचा: साबण थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, त्यात तेल थेंबाथेंबाने घालत ढवळा, दुधाळ झालं की बाकीचं पाणी. थेट पाण्यात ओतलेलं तेल वर तरंगतं. मग फवाऱ्यातून सुरुवातीला नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या झाडावर नुसतं तेल पडून ते करपतं. जानेवारीच्या गार सकाळी तेल घट्ट झालं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा. द्रावण त्याच दिवशी संपवा, फवारताना मधूनमधून हलवत राहा.

तयार अ‍ॅझाडिरॅक्टिन घेताना बाटलीवरचा पीपीएमचा (दहा लाख भागांत औषधाचे किती भाग, याचा) आकडा वाचा. १५०० पीपीएमचं साधारण ५ मिली प्रतिलिटर वापरतात. १०००० पीपीएमचं तेवढंच घातलं तर झाड भाजेल, त्याला लेबलवरची कमी मात्राच द्या.

कोणतंही द्रावण आधी दोन-तीन पानांवर मारा आणि एक दिवस थांबा. तुळस, नेचे आणि नवी रोपं यांना निम्म्या मात्रेने सुरुवात करा. तहानलेल्या, कोमेजलेल्या झाडावर फवारू नका. आदल्या संध्याकाळी पाणी घाला. गुलाबावर भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीसाठी) गंधक मारलं असेल तर त्यानंतर तीन आठवडे तेल नको, दोन्ही मिळून पानं जाळतात. आणि फवारण्याआधी खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना, ते बघा. कडुनिंबाचा वास सहज जात नाही.

पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा लेकॅनिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी (दुकानात अजूनही ‘व्हर्टिसिलियम’ म्हणूनच मागावी लागते) चांगली चालते. पावडर ५ ग्रॅम प्रतिलिटर, पाऊस उघडलेला असताना संध्याकाळी. तिच्यासोबत बुरशीनाशक वापरलं तर ती मरते, हे लक्षात ठेवा.

पिवळे सापळे, मुंग्या आणि विषाणू

पिवळा चिकट कार्ड शेंड्याच्या उंचीवर लावा. घरी करायचा तर पिवळ्या प्लॅस्टिकला एरंडेल चोळा. कार्ड पिल्लांना पकडत नाही, त्यामुळे एकट्या कार्डावर भिस्त नको. त्याचा खरा उपयोग मोजणीला आहे. दर रविवारी माश्या मोजून कार्ड पुसा. आकडा सलग दोन आठवडे उतरला तर उपाय लागू पडतो आहे.

मुंग्या चिकट्यासाठी येतात आणि पिल्लं खाणाऱ्या मित्रकिडींना हुसकावतात. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर व्हॅसलीन लावा, थेट सालीवर नको. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवायचा उपाय मुंबईत करूच नका. त्यात डास होतात आणि महापालिकेची नोटीस येऊ शकते.

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागली की तो केवडा हा विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही. झाडावर आधी मोठी पिशवी घाला, मग उपटा, म्हणजे विषाणू घेऊन बसलेल्या माश्या शेजारच्या कुंडीवर जाणार नाहीत. टोमॅटो-मिरचीची रोपं पहिले २५-३० दिवस ४० ते ५० मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रं असलेल्या) नायलॉन जाळीत वाढवली तर हा प्रसंग बराच टळतो. रोपवाटिकेतून किंवा राणीच्या बागेतल्या पुष्पप्रदर्शनातून आणलेलं झाडही दोन आठवडे वेगळं ठेवा आणि पानं उलटून बघत राहा.

युरिया आणि नत्राची इतर खतं या काळात बंद. लुसलुशीत पालवीवरच माशी आधी उतरते. ग्रिलमध्ये कुंड्या पानाला पान लागेल इतक्या दाटीने असतील तर दोन कुंड्या काढा. दाटीत वारा खेळत नाही आणि मागच्या पानांपर्यंत फवाराही पोचत नाही.

मित्र कोण ते ओळखा

पानामागची रिकामी टरफलं भिंगाखाली धरा. माशी स्वतः बाहेर पडली असेल तर टरफलाच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी फट असते. नीट कोरलेलं गोल भोक असेल, तर त्या पिल्लाच्या आत एन्कार्सियासारखी सूक्ष्म गांधीलमाशी वाढून बाहेर आली आहे. काही पिल्लं काळसर-तपकिरी पडलेली दिसली, तर त्यांच्यातही बहुधा तीच आहे. अशी पानं काढू नका, त्या झाडावरची फवारणी थांबवा आणि आठवडाभर फक्त पाणी मारा.

म्हणूनच डास-झुरळांचा घरगुती स्प्रे झाडावर नको. त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्यं या गांधीलमाश्या आणि ढालकिडे (लेडीबर्ड) आधी मारतात, आणि पांढरी माशी पूर्वीपेक्षा जोमाने परतते. मुळाशी घालायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तुळस, कढीपत्ता, पालेभाज्या यांना अजिबात नको. ते पानात उतरतं आणि तेच पान आपण खातो. शिवाय अनेक ठिकाणी पांढऱ्या माशीवर ते आता पुरतं लागूही पडत नाही.

सोसायटीच्या आवारातल्या नारळाखाली गाड्या चिकट होत असतील आणि झावळ्यांमागे पांढरी वलयं दिसत असतील, तर ती रुगोज चक्राकार माशी असू शकते. भारतात ती २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीजवळ प्रथम सापडली. उंच माडावर रासायनिक फवारणी करण्याचा आग्रह कोणी धरला तर मान्य करू नका. तिला आवरणारी एन्कार्सिया ग्वाडेलूपी त्या फवाऱ्यात मरते. टँकरच्या पाइपने खालच्या झावळ्या धुवा, आणि झावळ्यांवर काळसर पिल्लं दिसत असतील तर त्या तोडू नका.