पुराच्या तयारीत या चुका टाळा

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न एकच असतो, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी हे गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. तरीही ऑगस्ट 2019 मध्ये हजारो माणसं घरातच अडकली.

सर्वांत महागात पडली ती मागच्या पुराची भिंतीवरची जुनी रेघ. 2005 ला पाणी सुमारे 54 फुटांवर थांबलं होतं. "तेव्हा उंबऱ्याला लागलं नाही, आता कुठलं लागतंय," म्हणत लोकांनी फ्रीज दिवाणावर ठेवला, धान्याची पोती माळ्यावर टाकली आणि वाट बघत बसले. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यामुळे रिकामी करायच्या घरांची यादी करताना जुन्या रेघेच्या वर चार-पाच फूट धराच.

दुसरी चूक पुराचा आराखडा करणाऱ्यांची. लोक घाबरतील, पळापळ होईल म्हणून खबर मोघम द्यायची, "सतर्क राहावे" एवढंच. आपत्तीचा अभ्यास करणारे गेली साठ वर्षं सांगताहेत की सैरावैरा धावणं फार क्वचित घडतं. माणूस आधी खात्री करतो. गॅलरीत येऊन शेजाऱ्याला विचारतो, पाहुण्यांना फोन लावतो, पुलावर जाऊन पाणी बघून येतो. यात दोन-तीन तास सहज जातात, तेवढे आधी धरा. कोणती गल्ली, किती वाजेपर्यंत, कोणत्या शाळेत, हे स्पष्ट सांगा. तेही ओळखीच्या आवाजात: पोलीस पाटील, मंडळाची पोरं, दूध डेअरीवाला.

"म्हातारी हट्टी आहे, निघतच नाही," असं सर्रास म्हणतात. तिची म्हैस दावणीला बांधलेली असते. तिला सोडून ती कशी निघेल? आधी टेम्पो, चारा आणि उंचावरचा गोठा ठरवा, मग म्हातारीला हाक मारा. ती येते.

निघायला उशीर झाला की बोट एक आणि काठावर सगळा गाव, अशी वेळ येते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि बायका-पोरांसह अनेक जीव गेले. पहिली मदत नेहमी गावातलीच माणसं करतात, त्यांना आराखड्यात जागा द्या. बोटीत किती बसायचे तो आकडा तिच्यावर ठळक रंगवा, तेवढी लाइफ जॅकेटं ठेवा, आणि काठावर उभं राहून माणसं मोजणारा कोण, त्याचं नाव मे महिन्यातच ठरवा.